छपराचा हिशेब आपला आपण

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली. मी बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर. इंजिनिअर नाही, गवंडी नाही, सुतारही नाही. तरीसुद्धा कार्यकारिणीने मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले की मला घराच्या छपराच्या हिशेबावर बोलायचे आहे. काहीजण हसले. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची गावाकडची घरे अजून उतरत्या छपराची आहेत, आणि ज्याच्या छपराचा हिशेब चुकतो त्याचे काय होते हे मी माझ्या स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून हे धाडस करीत आहे.

३ जून २०२० हा दिवस रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील माणूस विसरणार नाही. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळी झोपल्या, घरांची कौले पाचोळ्यासारखी उडाली. आमचे घर त्याच पट्ट्यात आहे. वीस फूट रुंद, तीस फूट लांब, जोते चिऱ्याचे आणि भिंती मातीच्या. वर मंगलोरी कौले. वादळाने एका पाख्याचे वासे मोडले आणि निम्म्याहून अधिक कौले अंगणात आली.

टाळेबंदीचे दिवस होते. मी मुंबईत अडकलेलो, गावी आई आणि दादा. पावसाळा तोंडावर. कौले मिळेनात, म्हणून लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रे घालावेत असे ठरले. काम घेणाऱ्या कारागिराशी मी फोनवर बोललो. त्याने हिशेब सांगितला तो असा. घर वीस फूट रुंद, म्हणजे एका बाजूला दहा फूट. वळचणीला एक फूट धरला, अकरा फुटी पत्रा. घर तीस फूट लांब. पत्रा साडेतीन फूट रुंद, म्हणजे नऊ पत्रे, वर एक जादा धरून दहा. दोन बाजूंचे वीस पत्रे. तो म्हणाला, "साहेब, घर ६०० चौरस फूट, पत्रा ७७० चौरस फूट. भरपूर झाला." मी म्हटले ठीक आहे आणि पैसे पाठवून दिले.

मित्रहो, मी रोज दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो. एका पैशाचा फरक आला तर संध्याकाळी घरी जायचे थांबतो. त्या दिवशी मात्र माझ्या आईच्या डोक्यावरच्या छपराची बेरीज मी तपासली नाही. कारागीर लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने जमिनीचा हिशेब केला, आणि छप्पर जमिनीवर नसते, ते तिरपे असते, एवढेच तो विसरला. मीही विसरलो.

कारखान्यातून पत्रे कापून आले. जुन्या उतारावर ते धरून पाहिले तर अकरा फुटी पत्रा भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतसुद्धा पोहोचेना. वळचण तर दूरच राहिली. दुसरे पत्रे आणायला पैसेही नव्हते आणि पत्रेही नव्हते. तेव्हा कारागिराने तोड काढली. आढे तीन फूट चार इंच खाली घेतले. उतार कमी झाला, तसा पत्रा बाहेर सरकला आणि भिंतीपुढे दहा इंच आला. पूर्वी आमच्या भिंतीला दोन फुटांची वळचण होती, ती दहा इंचांवर आली.

जुलैत पाऊस लागला. उतार नसल्याने पाणी पत्र्यावर रेंगाळू लागले, वाऱ्याने सांध्यातून उलटे आत शिरू लागले. पागोळ्या भिंतीच्या अंगालगत पडू लागल्या. मातीची भिंत सबंध महिना पाणी पीत राहिली. ऑगस्टमध्ये एका रात्री पडवीकडचा भिंतीचा कोपरा खाली आला. आई त्याच कोपऱ्यात झोपत असे. दोन दिवसांपूर्वी गळती लागली म्हणून तिने अंथरूण आत नेले होते, म्हणून ती वाचली. ज्या गळतीबद्दल मी कारागिराला फोनवर बोल लावीत होतो, त्या गळतीनेच आईला वाचवले. तेव्हापासून छपराचा हिशेब मी शिकून घेतला. तो आज आपणांपुढे मांडतो. त्यात काही अवघड नाही. ज्याला गुणाकार येतो त्याला हा हिशेब येतो.

प्रथम उतार म्हणजे काय ते पाहू. आमच्या वाडीजवळ एक वयोवृद्ध सुतारकाका राहतात. त्यांनी मला अंशांची भाषा शिकवली नाही. ते म्हणाले, "एक फूट आडवा चाललास तर किती इंच वर चढलास, तेवढाच उतार." आडवे बारा इंच आणि उभे सहा इंच, म्हणजे फुटाला सहाचा उतार. आडवे बारा आणि उभे चार, म्हणजे फुटाला चारचा. पुस्तकी भाषेत सहाचा उतार सुमारे साडेसव्वीस अंशांचा, चारचा साडेअठरा अंशांचा आणि सातचा तीस अंशांचा. परंतु गावात कोनमापक घेऊन कोणी वाशावर चढत नाही, म्हणून इंचांची भाषाच बरी.

उभ्या छपराचा उतार मोजायला वर चढावे लागत नाही. घरात स्टूलावर उभे राहून वाशाच्या खालच्या अंगाला बारा इंची पट्टीचे एक टोक टेकवावे. पट्टी लेव्हल पट्टीने बरोबर आडवी धरावी. दुसऱ्या टोकापासून सरळ वर वाशापर्यंत किती इंच अंतर आहे ते मोजावे. तेच उत्तर. लेव्हल पट्टी नसेल तर पट्टीच्या मोकळ्या टोकाशी ओळंबा सोडून गुण्याने काटकोन साधावा. आपल्या नव्या छपराचा उतार जुन्याइतकाच ठेवायचा असेल, तर जुने उतरवण्यापूर्वीच हे माप घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवावे.

उतार किती असावा हे आपल्या आवडीवर नाही. ते पावसावर आणि वर काय घालणार त्यावर ठरते. मराठवाड्यात, खानदेशात जुन्या घरांवर मातीची सपाट धाबी दिसतात. तिथे पाऊस कमी, म्हणून ते चालले. आमच्या दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे धाबे एक पावसाळा टिकणार नाही. गवताच्या किंवा पेंढ्याच्या छपराला फुटाला बाराच्या जवळपास उतार लागतो, कारण पाणी गवतात मुरण्याआधी निसटले पाहिजे. मंगलोरी कौलाला फुटाला सहा ते सात ठेवावा. सिमेंटच्या पन्हळी पत्र्याला चारपेक्षा कमी ठेवू नये. लोखंडी पत्रा कमी उतारावरही बसवतात, परंतु कोकणातल्या वाऱ्यापावसात त्यालाही चारच्या खाली आणू नये असे माझे अनुभवाचे सांगणे आहे. आमच्या छपराला त्या वर्षी फुटाला दोन उतार होता. त्याचे फळ आपण ऐकलेच.

आता मुख्य गोष्ट. आडवे बारा आणि उभे सहा चढले, तर तिरपे अंतर किती? शाळेत आपण पायथागोरसचा सिद्धांत घोकला. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचे वर्ग मिळवा, त्याचे वर्गमूळ म्हणजे कर्ण. मला वाटायचे याचा उपयोग फक्त परीक्षेत. बाराचा वर्ग १४४, सहाचा वर्ग ३६, बेरीज १८०, त्याचे वर्गमूळ सुमारे १३.४. म्हणजे जमिनीवर बारा इंच चालताना छपरावर १३.४ इंच माल लागतो. वर्गमूळ काढायचे नसेल तर गुण्या घ्या. एका भुजेवर बारा इंचांवर आणि दुसऱ्या भुजेवर सहा इंचांवर खूण करा, आणि दोन खुणांमधले तिरपे अंतर टेपने मोजा. तेरा इंच आणि तीन सुतांहून किंचित जास्त येईल. सुतारकाका आयुष्यभर असेच करत आले. पायथागोरसचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते.

१३.४ ला बाराने भागले की १.१२ येते. हा झाला त्या उताराचा गुणक. वहीत लिहून घ्यावेत असे गुणक पुढीलप्रमाणे आहेत:

फुटाला ३ इंच उतार : गुणक १.०३
फुटाला ४ इंच उतार : गुणक १.०५
फुटाला ५ इंच उतार : गुणक १.०८
फुटाला ६ इंच उतार : गुणक १.१२
फुटाला ७ इंच उतार : गुणक १.१६
फुटाला ८ इंच उतार : गुणक १.२०
फुटाला ९ इंच उतार : गुणक १.२५
फुटाला १२ इंच उतार : गुणक १.४१

एवढे आठ आकडे जवळ असले की पुढे नुसता गुणाकार आहे. आपण आमचेच घर घेऊ. भिंतीच्या बाहेरून माप वीस फूट बाय तीस फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. पण छप्पर भिंतीवर संपत नाही. चारही बाजूंना दोन फूट बाहेर आले पाहिजे. म्हणजे रुंदी वीस अधिक चार, चोवीस फूट. लांबी तीस अधिक चार, चौतीस फूट. चोवीस गुणिले चौतीस, ८१६ चौरस फूट. ही छपराची जमिनीवर पडणारी सावली, डोक्यावर सूर्य असतानाची. या सावलीला उताराच्या गुणकाने गुणायचे. ८१६ गुणिले १.१२, सुमारे ९१४ चौरस फूट.

पाहा, ६०० वरून आपण ९१४ वर आलो. जमिनीच्या दीडपट. यात २१६ फूट वळचणीने वाढवले आणि ९८ फूट उताराने. लोकांना वाटते उतारामुळे माल फार लागतो. प्रत्यक्षात वळचणच जास्त माल खाते, आणि हिशेबात विसरली जाते तीच.

इथे एक सोय लक्षात घ्या. घर दुपाखी असो की चौपाखी, चारही बाजूंचा उतार सारखा असेल तर क्षेत्रफळ तेवढेच येते. सावली गुणिले गुणक, बस्स. त्रिकोण, समलंब चौकोन असे तुकडे पाडून बसण्याची गरज नाही. मात्र चौपाखी घराला कोने जास्त लागतात. आमच्या मापाच्या दुपाखी घराला आढ्यावर चौतीस फूट कोने लागतात. तेच घर सहाच्या उताराने चौपाखी केले, तर आढे दहाच फूट राहते, परंतु चार कोपऱ्यांच्या धारा प्रत्येकी अठरा फूट भरतात. दहा अधिक बहात्तर, म्हणजे ब्याऐंशी फूट. शिवाय तिरपी कौले कापावी लागतात, त्यात नासाडी होते. तरीही वादळाच्या पट्ट्यात चौपाखी घर वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते, हेही सांगितले पाहिजे. दुपाखी घराची त्रिकोणी भिंत वारा सरळ छातीवर घेते. चौपाखी घरावर तो घसरून जातो.

आता माल मोजू. प्रथम कौले. मंगलोरी कौल हे आपल्याकडे १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासूनचे. त्याचे सर्वसाधारण माप ४१० मिलिमीटर बाय २३५ मिलिमीटर, म्हणजे सोळा इंच बाय सव्वानऊ इंच. पण एकावर एक चढवल्यावर ते एवढे झाकत नाही. एका चौरस मीटरला पंधरा कौले, म्हणजे १०० चौरस फुटांना १४० कौले धरावीत. ९१४ चौरस फुटांना १२८० कौले. गाडीत, चढवताना आणि कापताना फुटतात त्यासाठी दुपाखी घराला शेकडा पाच जादा धरावीत, म्हणजे १३५० कौले मागवावीत. चौपाखीला शेकडा दहा धरावीत, म्हणजे १४१०. कोने फुटाला एक धरून वर तीन-चार जादा. उरलेली कौले वाया जात नाहीत. माकडे आणि नारळाच्या झावळ्या त्यांची सोय बघतात.

कौलाचे वजन दोन ते अडीच किलो. १२८० कौले म्हणजे अडीच ते तीन टन. हे वजन वासे पेलणार आहेत, म्हणून वाशांचा हिशेब हवा. चोवीस फूट रुंदीचा निम्मा बारा फूट, गुणिले १.१२, म्हणजे वासा साडेतेरा फुटांचा. बाजारात चौदा फुटी घ्यावा. दोन फुटांवर एक वासा धरला तर चौतीस फुटांत सतरा गाळे, म्हणजे अठरा वासे. दोन्ही पाख्यांचे छत्तीस. गाळे मोजून त्यात एक मिळवायचा, हे विसरू नये. कुंपणाचे खांब मोजताना आपण नेहमी जी चूक करतो तीच इथे होते. रीपा साडेबारा इंचांवर लागतात. साडेतेरा फुटांच्या वाशावर तेरा गाळे, म्हणजे चौदा रीपा. प्रत्येक चौतीस फूट, दोन पाखी, एकूण ९५२ फूट रीप. जोडाला आणि तुटीला धरून हजार फूट. तरीही रीपांचे अंतर पुस्तकावरून ठरवू नये. आपण आणलेली चार कौले जमिनीवर एकमेकांत बसवून अंतर मोजावे आणि मग रीपा ठोकाव्यात, कारण कारखान्याकारखान्याप्रमाणे कौल थोडे बदलते.

आता पत्र्यांचा हिशेब. इथेच आमचा घात झाला, म्हणून नीट ऐका. साडेतीन फूट रुंदीचा रंगीत पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर सव्वातीन फूटच झाकतो. पैसे साडेतीन फुटांचे, छप्पर सव्वातीन फुटांचे. चौतीस फूट भागिले सव्वातीन, साडेदहाच्या आत-बाहेर येतात. पत्रा अर्धा मिळत नाही, म्हणून अकरा. दोन पाख्यांचे बावीस. लांबी सहाच्या उताराला साडेतेरा फूट, पन्हळीत तीन-चार इंच पुढे यावा म्हणून चौदा फूट. बावीस गुणिले चौदा, ३०८ रनिंग फूट. आम्ही मागवला होता वीस गुणिले अकरा, २२० रनिंग फूट. ८८ फूट कमी! एवढा फरक एका फोनवर माझ्या ध्यानात आला नाही.

पत्रा एका तुकड्यात आला तर मधला सांधा लागत नाही. तुकड्यांत असेल तर वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढवावा, उतार कमी असेल तर आठ इंच. ते इंचही लांबीत धरावेत. पत्रा हलका असतो, म्हणून कौलाच्या उलट इथे भीती वजनाची नसते, उडण्याची असते. वळचणीच्या आणि कडेच्या रांगेत स्क्रू किंवा जे-बोल्ट जवळ जवळ मारावेत, कारण वारा कडेखालूनच बोट घालतो. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही सरळ पाय देऊ नये, फळी टाकून चालावे. पत्रा फुटून माणसे खाली पडतात. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून तो कोरडा यंत्राने कापू नये.

आता पैशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगतो. "उतार कमी करा, माल वाचेल" असा सल्ला आपल्याला नेहमी मिळतो. तो हिशेबाने तपासू. आमच्या घराला सहाऐवजी तीनचा उतार दिला तर ८१६ गुणिले १.०३, म्हणजे ८४० चौरस फूट. वाचले किती? ७४ चौरस फूट. शेकडा आठ. शंभरएक कौलांचे पैसे. तेवढ्यासाठी आपण पिढ्यानपिढ्यांचा उतार निम्मा करतो आणि पुढे दरवर्षी ताडपत्री विकत घेतो. उतार कमी करून वाचणारा पैसा फार थोडा असतो. हिशेब न केल्याने जाणारा पैसा फार मोठा असतो. माझ्या आजच्या भाषणातले बाकी सर्व आपण विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य घरी घेऊन जा.

पावसाच्या पाण्याचा हिशेब करताना मात्र उताराचा गुणक लावू नये. पाऊस वरून सरळ येतो, त्याला सावलीच दिसते. ८१६ चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १९०० लिटर पाणी होते. आमच्याकडे दिवसाला चार इंच पाऊस ही नवलाई नाही. म्हणजे एका दिवसात साडेसात हजार लिटरहून अधिक पाणी आपल्या वळचणीवरून उतरते. ते भिंतीपासून दहा इंचांवर पडते की दोन फुटांवर, यात मातीच्या भिंतीचे आयुष्य आहे. म्हणून पैसे कमी पडले तर दुसरे काही कापा, वळचण कापू नका.

कोणी म्हणेल, हे काम कारागिराचे, आम्ही कशाला डोके शिणवायचे? त्याला माझे उत्तर बँकेच्या टेबलावरचे आहे. घरदुरुस्तीच्या कर्जासाठी माणूस अंदाजपत्रक घेऊन येतो. त्यात छप्पर जमिनीच्या मापाने धरलेले असते. कर्ज त्या आकड्यावर मंजूर होते. काम अर्ध्यावर येते आणि माल संपतो. बँक लगेच दुसरे कर्ज देत नाही. पाऊस थांबत नाही. मग तो माणूस खाजगी सावकाराकडे जातो आणि पाहिजे त्या व्याजाने पैसे उचलतो. घरकुलाचेही तसेच आहे. प्रधानमंत्री आवास योजना असो की रमाई आवास योजना, रक्कम ठरलेली असते आणि कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्याने मिळते. छप्पर येते शेवटी, आणि तोवर हातात उरते थोडे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची चूक पैशाने झाकली जाते. आपली चूक झाकायला छप्परच नसते. म्हणून हिशेब आपल्याला येणे जास्त गरजेचे आहे.

कारागिराचा अपमान करा असे मी सांगत नाही. त्याच्या हातातली कला आपल्याला नाही. फक्त काम देण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारा. उतार फुटाला किती इंच ठेवणार? वळचण चारही बाजूंना किती? पत्रा किंवा कौल बसल्यावर प्रत्यक्ष किती झाकते? आणि फुटीचे, कापण्याचे किती धरले? ही चार उत्तरे कागदावर घ्या, रात्री घरी बसून स्वतः गुणाकार करा, आणि मगच इसार द्या. दर कधी वाढतात, कधी उतरतात. मापे बदलत नाहीत. म्हणून आधी मापे पक्की करा, भाव नंतर विचारा.

आमच्या घराचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी रजा टाकून गावी गेलो. सुतारकाका खाली बाकावर बसले, माझ्या पुतणीने टेप धरला आणि मी वही. भिंतीचा कोपरा चिऱ्याने बांधून घेतला. आढे होते तिथे पुन्हा चढवले. उतार फुटाला सहा, वळचण दोन फूट, पत्रे बावीस, प्रत्येकी चौदा फूट. जुने अकरा फुटी पत्रे गोठ्यावर आणि पडवीपुढच्या मांडवावर गेले. पहिल्या वेळी हिशेब केला असता तर हा दुसरा खर्च झाला नसता. तो माझ्या पगारातून अजून वळता होतो आहे, आणि माझ्या आळसाचा तो दंड आहे असे मी समजतो. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याच्या बाहेरून उत्तरेकडे गेले. रात्रभर पत्रे वाजत होते. सकाळी दादाचा फोन आला, "सगळे जागेवर आहे. आई पडवीत चहा घेते आहे."

मी आईला सांगितले होते की आता कोपऱ्यात झोपायला हरकत नाही. ती म्हणाली, "तू मोजलेस ना, मग झोपते." मित्रहो, इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या बेरजेवर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता. आपल्या घरातही असे कोणीतरी छपराखाली झोपत असते. त्यांच्यासाठी टेप आणि वही एकदा हातात घ्या. काही अडले तर रविवारी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. कागद घेऊन या, आपण मिळून गुणाकार करू.